सनडाउनरची खेप

लंडन शहरातून वाहणाऱ्या टेम्स नदीच्या काठी, चिझिक या भागात, हौशी लोकांच्या नौका बांधून ठेवण्याची एक गोदी होती. १९४० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस त्या गोदीत 'सनडाउनर' नावाची एक यंत्रनौका उभी होती. तिची लांबी साठ फुटांच्या आसपास. तिचा वेग ताशी दहा नॉट, म्हणजे दहा सागरी मैल. किलोमीटरच्या हिशेबाने साडेअठरा. चांगला सायकलस्वारही तिच्या बरोबरीने सहज जाऊ शकेल. घरच्या माणसांना घेऊन समुद्रावर हिंडावे, एखाद्या लहानशा बंदरात रात्र काढावी, एवढ्यासाठीच ती नौका होती. तिच्यावर एका वेळी चढलेल्या माणसांची संख्या तोपर्यंत एकवीसच्या पलीकडे कधी गेली नव्हती.

ही नौका मूळची मात्र सहलीची नव्हे. ब्रिटिश नौदलाने १९१२ साली ती एक लहान वाफेची होडी म्हणून बांधून घेतली होती. पुढे ती निकामी ठरली. १९२९ साली चार्ल्स लाइटोलर नावाच्या एका निवृत्त दर्यावर्दी गृहस्थांनी ती विकत घेतली, आणि जुना सांगाडा ठेवून तिला लांबविले, वर केबिन चढविल्या, वाफेचे यंत्र काढून तेलावर चालणारे यंत्र बसविले. त्यांच्या पत्नी मूळच्या ऑस्ट्रेलियातील. तिकडे सूर्यास्ताच्या वेळी कोणाच्या तरी दाराशी येऊन आसरा मागणाऱ्या भटक्याला 'सनडाउनर' म्हणतात. त्यांनीच नौकेला ते नाव दिले.

नौकेच्या मालकांची ओळख येथे करून देणे अवश्य आहे. १९१२ सालच्या एप्रिल महिन्यात 'टायटॅनिक' ही प्रचंड आगबोट हिमनगावर आदळून बुडाली. तिच्यावरील द्वितीय अधिकारी म्हणजेच हे लाइटोलर. बचावलेल्या अधिकाऱ्यांत ते सर्वांत वरिष्ठ होते. बोट पाण्याखाली गेल्यावर ते एका उलट्या झालेल्या बचावहोडीच्या पाठीवर चढले. तेथे सुमारे तीस माणसे गोळा झाली होती. लाट आली की पालथी होडी कलंडू लागे. लाइटोलर यांनी सर्वांना उभे केले, आणि लाटेचा रोख पाहून 'उजवीकडे झुका', 'डावीकडे झुका', 'सरळ उभे राहा' अशा आज्ञा ते देत राहिले. माणसांच्या वजनाने होडी तोलून धरली गेली आणि त्यांतील बहुतेक माणसे पहाटेपर्यंत तग धरून राहिली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

यंत्रनौका चालविणे म्हणजे चक्र फिरविणे, अशी पुष्कळांची समजूत असते. मोटार चालविणाऱ्याला तर हे काम अगदीच सोपे वाटते. परंतु मोटारीला चाकांखाली रस्ता असतो. नौकेखाली जो असतो तो स्वतःच हलत असतो. मोटारीला गतिरोधक आहे, नौकेला तो नाही. चालती नौका थांबवावयाची तर तिच्या मागील पंखा उलटा फिरवावा लागतो, आणि तसे केल्यावरही ती काही अंतर पुढे जातेच. मोटारीची पुढची चाके वळतात आणि मागचा भाग त्यांच्यामागून येतो. नौकेचे नेमके याच्या उलट आहे. तिचे सुकाणू मागे असते. ते वळविले म्हणजे प्रथम नौकेची पिछाडी बाहेर फेकली जाते, आणि तोंडापासून सुमारे एक तृतीयांश लांबीवर असलेल्या बिंदूभोवती सबंध नौका फिरते. म्हणून धक्क्याला लागलेली नौका घाईने तोंड वळवून बाहेर काढू पाहणारा नवशिका पिछाडी धक्क्यावर आपटून घेतो. शिवाय सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच ते काम देते. यंत्र बंद पडले आणि गती संपली की चक्र कितीही फिरवा, नौकेला त्याची दाद नसते. पंख्याचीही एक खोड आहे. पुढे जाताना मागून पाहिले असता जो पंखा उजवीकडे फिरतो, तो उलटा फिरविताच पिछाडी डावीकडे ओढतो. कुशल नाविक या खोडीचाच उपयोग करून अरुंद जागेत नौका धक्क्याला लावतो.

नौकेच्या पोटातील व्यवस्था तर एखाद्या घरासारखी असते. नळ, दिवे, स्वयंपाकघर, सर्व काही तिच्यात आहे. फरक इतकाच की येथील एखादा नळ बिघडला तर घर बुडते. यंत्र थंड ठेवण्यासाठी बाहेरचे समुद्राचे पाणी आत घ्यावे लागते. त्यासाठी तळाला छिद्र असते, त्यावर तोटी असते आणि आतल्या बाजूस जाळी असते. जाळीत शेवाळ किंवा चिंधी अडकली की यंत्र तापते. यासाठी यंत्र सुरू होताच जाणता माणूस प्रथम नौकेच्या बाजूकडे वाकून पाहतो. वापरलेले पाणी धुरासोबत बाहेर पडत असेल तर सारे ठीक आहे. इंधनाची टाकीही अशीच फसवी. बंदरात शांत असताना तिच्या तळाशी बसलेला गाळ खवळलेल्या समुद्रात वर येतो, गाळणीत अडकतो, आणि नेमके जेव्हा यंत्र हवे असते तेव्हाच ते गुदमरून बंद पडते. तळात झिरपणारे पाणी काढून टाकण्यासाठी पंप असतो. त्या पंपाकडे रोज पाहणारा नाविक सुखाने झोपतो.

आणखी एक भेद येथेच सांगितला पाहिजे. काही यंत्रनौका पेट्रोलवर चालतात, काही डिझेलवर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता नौकेच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने भडकते. म्हणून पेट्रोलच्या नौकेत यंत्र सुरू करण्यापूर्वी तळातील हवा खेळती करून घेण्याचा नियम आहे. डिझेल इतके सहज पेटत नाही.

१९४० सालच्या मे महिन्यात जर्मन सैन्याने फ्रान्सच्या उत्तर भागात मुसंडी मारली आणि ब्रिटिश व फ्रेंच फौजांना समुद्रापर्यंत मागे रेटले. डंकर्क या बंदराभोवती लाखो सैनिक कोंडले गेले. त्यांत हिंदी सैन्यातील खेचरांच्या वाहतूक तुकड्यांतील जवानही होते. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून आगबोटीने निघून ते फ्रान्सला पोचले होते. बॉम्बच्या माऱ्याने डंकर्कच्या गोद्या निकामी झाल्या. किनारा वाळूचा आणि इतका उथळ की मोठी जहाजे दूर अंतरावरच थांबावीत. सैनिक छातीइतक्या पाण्यात रांगा करून उभे राहत. त्यांना किनाऱ्यावरून जहाजांपर्यंत नेण्यासाठी लहान नौका पाहिजे होत्या, आणि नौदलाजवळ त्या पुरेशा नव्हत्या. तीस ते शंभर फूट लांबीच्या यंत्रनौकांची माहिती मालकांनी कळवावी, असे आवाहन त्याच महिन्याच्या मध्यास नभोवाणीवरून झालेले होते. त्या यादीचा आता उपयोग झाला. मासेमारीचे पडाव, नदीवरच्या होड्या, श्रीमंतांच्या सहलीच्या नौका, अशा शेकडो नौका टेम्सच्या मुखाकडे निघाल्या.

३१ मे रोजी सायंकाळी लाइटोलर यांना नौदलाच्या कचेरीतून दूरध्वनी आला. सनडाउनर रॅम्सगेट बंदरात आणून द्यावी, तेथून नौदलाचे खलाशी ती पुढे नेतील, असा निरोप होता. लाइटोलर यांचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. त्यांनी निरोप ऐकून घेतला आणि कळविले की, नौका न्यावयाची असेल तर ती आपण आणि आपला थोरला मुलगा रॉजर नेऊ, दुसरे कोणी नव्हे. या उत्तरात अभिमान असेल. पण त्यात व्यवहारही होता. प्रत्येक नौकेचा स्वभाव निराळा असतो. ती किती अंतरात थांबते, कोणत्या बाजूला ओढते, तिचे यंत्र कोणत्या आवाजाने कुरकुरू लागते, हे वर्षानुवर्षे तिच्यावर वावरलेल्यालाच ठाऊक. अनोळखी खलाशी, कितीही शूर असला तरी, ते एका रात्रीत शिकू शकत नाही.

१ जून रोजी सकाळी दहाच्या सुमारास सनडाउनर रॅम्सगेटहून निघाली. नौकेवर तिघेजण होते: लाइटोलर, रॉजर आणि सागरी बालवीर पथकातील जेराल्ड ॲशक्रॉफ्ट नावाचा अठरा वर्षांचा तरुण. शस्त्र म्हणून नौकेवर काहीही नव्हते. पुढे समुद्रात सुरुंग तरंगत होते आणि डोक्यावर शत्रूची विमाने घिरट्या घालीत होती.

फ्रान्सच्या किनाऱ्याकडे जाताना 'वेस्टर्ली' नावाची एक यंत्रनौका बंद पडून जळत असलेली दिसली. तिच्यावर पेट्रोलचा मोठा साठा होता. अशा नौकेजवळ जाणे म्हणजे पेटलेल्या दारूकोठाराला खेटून उभे राहण्यासारखे. तरीही सनडाउनर तिच्या बाजूला लागली. पाच माणसे अलीकडे आली आणि सनडाउनर लगेच दूर झाली. या पाच जणांना परत घरी पोचविणे आता शक्य नव्हते. जेथून ते सुटून आले त्याच डंकर्ककडे त्यांना पुन्हा जावे लागले.

विमानांच्या हल्ल्यापासून नौका कशी वाचवावी हे लाइटोलर यांना ज्याने शिकविले तो त्यांचा धाकटा मुलगा ब्रायन. तो हवाईदलात वैमानिक होता. बापलेकांच्या गप्पांत हल्ला कसा करतात आणि तो कसा चुकवावा याविषयी बोलणे होई. सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू होताच विल्हेल्म्सहाफेन या जर्मन बंदरावर झालेल्या हल्ल्यात ब्रायन मारला गेला होता. त्याने सांगितलेली युक्ती अशी. विमानाच्या पुढील तोफा पक्क्या बसविलेल्या असतात, तेव्हा नेम धरावयाचा तर वैमानिकाला सबंध विमानाचेच तोंड लक्ष्याकडे वळवावे लागते. सूर मारून खाली येणारे विमान गोळ्या झाडण्यापूर्वी नेम साधण्यासाठी क्षणभर आपले नाक उचलते. तो क्षण येताच नौकेचे सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवावे.

यात सारे महत्त्व वाट पाहण्याला आहे. भीतीने आधीच सुकाणू वळविले तर वैमानिकाला आपला मार्ग सुधारण्यास अवधी मिळतो. उशीर झाला तर प्रश्नच उरत नाही. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने येणारे विमान शेवटच्या क्षणी दिशा बदलू शकत नाही. साठ फुटांची नौका मात्र, तिच्या पंख्याचे पाणी थेट सुकाणूवर आपटत असल्याने, चटकन बाजूला होते. तिचा दहा नॉटांचा वेग येथे उणा ठरला नाही. लाइटोलर विमानाच्या नाकावर डोळे लावून उभे राहत आणि नेमक्या क्षणी आज्ञा देत. गोळ्यांच्या सरी पाण्यात जाऊन पडत. त्या दिवशी असे हल्ले एकदाच नव्हे, अनेकदा झाले. सनडाउनरवरील एकाही माणसाला इजा झाली नाही. नौका सुखरूप गेली आणि आली याचे श्रेय लाइटोलर यांनी पुढे ब्रायनने दिलेल्या माहितीला दिले.

डंकर्कला पोचल्यावर निराळीच अडचण उभी राहिली. धक्का उंच होता आणि सनडाउनरचा डेक फार खाली होता. थकलेल्या सैनिकांना एवढ्या उंचीवरून उतरविणे कठीण. म्हणून लाइटोलर यांनी आपली नौका धक्क्याशी न नेता तेथे उभ्या असलेल्या एका विनाशिकेच्या बाजूला लावली, आणि तिच्यावरून सैनिक सनडाउनरवर येऊ लागले.

माणसे भरण्याची रीत आधीच ठरलेली होती. रॉजर खाली केबिनमध्ये उभा राहून एकेकाला जागा दाखवील आणि वर एक खलाशी मोजदाद करील. बंदुका व सामान वरच ठेवावयाचे. पन्नास माणसे आत गेल्यावर लाइटोलर यांनी वरून विचारले, तेव्हा अजून पुष्कळ जागा आहे असे खालून उत्तर आले. पंचाहत्तर झाल्यावर मात्र रॉजरने दाटी झाल्याचे कबूल केले. एक सैनिक स्नानाच्या टबात बसला होता, दुसरा शौचकूपात. त्यानंतरची माणसे डेकवर घेतली. खाली असो वा वर, प्रत्येकाला एकच आज्ञा होती: आडवे पडा आणि हलू नका.

ही आज्ञा का दिली हे समजण्यासाठी नौकेच्या तोलाचा थोडा विचार केला पाहिजे. नौकेचे सारे वजन जणू एका बिंदूतून खाली ओढते. त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. पाणी तिला दुसऱ्या एका बिंदूतून वर लोटते; त्यास प्लावनमध्य म्हणता येईल. नौका उजवीकडे कलली की तिची उजवी बाजू पाण्यात अधिक बुडते. त्यामुळे प्लावनमध्य उजवीकडे सरकतो आणि तीच बाजू वर उचलून नौकेला सरळ करतो. पण वजन जितके उंच ठेवावे तितका गुरुत्वमध्य वर चढतो आणि हे सरळ होण्याचे बळ कमी पडते. शेवटी अशी वेळ येते की कललेली नौका परत उठतच नाही. उभ्या माणसाचे वजन कमरेच्या पातळीवर असते, आडव्या माणसाचे जवळजवळ जमिनीवर. एका माणसाने याचा फारसा फरक पडत नाही, शंभरांनी पडतो. शिवाय उभी माणसे लाटेबरोबर एकाच बाजूला ढकलली जातात. टायटॅनिकच्या उलट्या होडीवर लाइटोलर यांनी माणसांना उभे केले होते, कारण तेथे लाटेविरुद्ध झुकून तोल सांभाळावयाचा होता आणि तीस माणसे त्यांच्या शब्दावर हलत होती. येथे नुसते वजनच नौकेला पुरून उरण्याजोगे होते. एकाच मनुष्याने एकाच शास्त्राच्या आधारे दोन वेळा दोन उलट आज्ञा दिल्या, आणि दोन्ही बरोबर होत्या.

डेकवर पन्नास माणसे झाली तेव्हा नौकेची डुलण्याची चाल बदललेली लाइटोलर यांना जाणवली. ती कलल्यावर पूर्वीसारखी झटकन उठत नव्हती. रेंगाळून, जणू विचार करून उठत होती. हे कोणत्याही यंत्राच्या तबकडीवर दिसत नाही, पायांच्या तळव्यांना कळते. त्यांनी आणखी माणसे घेण्याचे थांबविले. मोजदाद झाली: सनडाउनरवरील तिघे आणि वेस्टर्लीवरील पाच धरून एकशे तीस. माणशी सत्तर किलो धरले तरी हे वजन नऊ टनांहून अधिक होते.

परतीच्या वाटेवर विमाने होतीच. परंतु त्यांच्याइतकेच भय आपल्याच जहाजांचे होते. सैनिक घेऊन भरधाव जाणाऱ्या विनाशिकांच्या मागे मोठमोठ्या लाटा उठत. वजनाने खाली दबलेल्या सनडाउनरच्या काठावरून अशी एखादी लाट आडवी आत आली असती तर सर्व संपले असते. म्हणून जेव्हा जेव्हा असे जहाज जवळून जाई, तेव्हा तेव्हा लाइटोलर यंत्राची गती काढून घेत, नौका थांबवीत, आणि तिची पिछाडी लाटेकडे करून लाट ओसरेपर्यंत वाट पाहत. मग पुन्हा मार्ग धरीत. झरोके आणि छतावरची काचेची दारे बंद ठेवावी लागत, नाही तर पाणी आत येई. खाली सत्तरावर माणसे, ओले कपडे, तेलाचा वास आणि वर खाली होणारी नौका! तेथील हवेची कल्पनाच केलेली बरी. डेकवर लोखंडी शस्त्रांचा ढीग असला म्हणजे होकायंत्रावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, कारण जवळचे लोखंड त्याची सुई आपल्याकडे ओढते. अशा वेळी नाविकाने दिशा अन्य खुणांवरून पडताळून पाहावयाची असते.

रॅम्सगेटला पोचल्यावर नौकेला प्रथम बाहेरच थांबण्यास सांगण्यात आले. एवढ्याशा नौकेवर थोडीच माणसे असणार, त्यांना घाई कसली, असे बंदरावरील लोकांना वाटले असल्यास नवल नाही. नौकेवर एकशे तीस माणसे आहेत हे कळल्यावर तिला आत घेतले. ती दुसऱ्या एका बोटीच्या बाजूला लागते न लागते तोच सुटकेच्या आनंदाने सैनिक उठून काठाकडे सरकू लागले, आणि सनडाउनर एकदम त्या बाजूला कलली. सबंध समुद्र ओलांडून आलेली नौका धक्क्यापाशीच उलटण्याचा प्रसंग आला. लाइटोलर यांनी ओरडून सर्वांना पुन्हा आडवे पडावयास लावले आणि सांगितल्यावाचून कोणीही हलू नये असे बजावले. मग एकेक माणूस उतरू लागला. डेक रिकामा झाला, तरी खालून माणसे निघतच होती, निघतच होती. एवढी माणसे या नौकेत ठेवली तरी कोठे, असा बंदरावरील खलाशांना प्रश्न पडला.

२६ मे ते ४ जून १९४० या अवधीत डंकर्कहून ३,३८,२२६ सैनिक बाहेर काढले गेले. त्यांतील फार मोठा भाग मोठ्या जहाजांनी नेला. सनडाउनरने आणलेले सैनिक एकशे बावीस.

लाइटोलर यांची दुसऱ्या खेपेला जाण्याची तयारी होती. नौकेचे यंत्र ठीक होते, सांगाडा शाबूत होता. परंतु परवानगी मिळाली नाही. यापुढे वीस नॉट वेगाने जाऊ शकणाऱ्या जहाजांनाच पलीकडे जाऊ द्यावयाचे, असे ठरले होते. सनडाउनरचा वेग दहा नॉट होता.